‘तू कुठे एवढा पितोस?’ : तरुण वयातली दारूमुक्ती आणि भोवतालची शंका

प्रश्नाची मांडणी

चाळिशी उलटलेल्या, नोकरी गमावलेल्या माणसाने दारू सोडली तर घरचे देवापुढे नारळ फोडतात. चोविशीतल्या मुलाने किंवा मुलीने ‘मी पूर्णच सोडली’ असे सांगितले, तर आधी उलटतपासणी होते. मित्र म्हणतात, ‘तू कुठे एवढा पितोस? आमच्यापेक्षा कमीच.’ आईला धक्का बसतो तो मुळात पीत होता याचा. हे बाहेर कुठे बोलू नकोस, उद्या स्थळे बघायची आहेत, असे ती बजावते. डॉक्टर लिव्हरचा रिपोर्ट पाहून ‘सगळे नॉर्मल आहे, जरा कंट्रोल ठेव’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. पगार चालू, रिपोर्ट स्वच्छ, अपघात नाही, पोलीस केस नाही. मग अडचण कसली?

अडचण पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. दोनच घ्यायचे ठरवून बसलेला दर वेळी सहा-आठवर जातो. रात्रीचा काही भाग सकाळी आठवतच नाही. सोमवार शरमेत जातो आणि गुरुवारपासून शनिवारचे वेध लागतात. हे कुणाला सांगायला जावे, तर ‘सगळ्यांचे असेच असते’ हे उत्तर तयार असते. साधारण १८ ते ३० या वयात, तब्येत आणि नोकरी शाबूत असताना दारू थांबवू पाहणाऱ्यांविषयी संशोधन काय सांगते, वेगवेगळ्या विचारांचे लोक काय म्हणतात आणि कोणते मुद्दे अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा आहे. या विषयावरचे बहुतेक अभ्यास अमेरिका आणि ब्रिटनमधले आहेत. भारत, महाराष्ट्र आणि गोव्याची भरवशाची माहिती जिथे आहे तिथे ती घेतली आहे.

‘खरा दारुडा’ हे चित्र आले कुठून

मराठी माणसाच्या मनातला दारुडा बराचसा राम गणेश गडकऱ्यांनी घडवला आहे. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. आपल्याला आठवतो तो त्यातला शेवटच्या अंकातला सुधाकर, संसाराची राखरांगोळी करून बसलेला. कोर्टातल्या अपमानाने पेटून पहिला पेला उचलणारा तरुण, हुशार, नावाजलेला वकीलही तोच सुधाकर आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. नाटक पहिल्या पेल्यापासून सावध करते, पण प्रेक्षक घरी नेतो तो शेवटचा पेला. त्यामुळे जो अजून त्या शेवटच्या अंकापर्यंत पोहोचलेला नाही, तो दारुडा नाही, असा हिशेब मनात बसतो.

वैद्यकशास्त्रातही पहिले चित्र असेच उतरंडीचे होते. ई. एम. जेलिनेक यांनी १९४६ मध्ये दारूच्या व्यसनाचे टप्पे मांडले. त्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या, सदस्यांनी भरून दिलेल्या ९८ प्रश्नावल्या वापरल्या होत्या आणि उत्तरे देणारे सगळे पुरुष होते. १९५२ मध्ये त्यांनी ही मांडणी विस्तारली. १९५८ मध्ये ब्रिटनमधील मॅक्स ग्लॅट यांनी उतरत जाऊन तळ गाठणारी आणि मग सुधारणेच्या दिशेने वर चढणारी रेषा काढली. व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवर तिच्या आवृत्त्या पुढे अनेक दशके लागत राहिल्या. तळ गाठल्याशिवाय माणूस वर येत नाही, ही समजूत या चित्राने घट्ट केली. मुळातली माहिती तळ गाठून परतलेल्या पुरुषांची होती. मध्येच थांबलेल्यांना कुणी विचारलेच नव्हते.

एएचा स्वतःचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी सुरू झाली. तिचे मुख्य पुस्तक १९३९ चे. सुरुवातीचे सदस्य खरोखरच हाताबाहेर गेलेले होते. पण १९५३ मध्ये आलेल्या बारा पायऱ्यांवरील पुस्तकात चळवळीने स्वतःच बदलाची नोंद केली. नोकरी-घर शाबूत असलेले आणि व्यसनाच्या उंबरठ्यावर असलेले तरुण येऊ लागले होते. त्यांना पुढची वाट आधीच दाखवली, तर त्यांचा तळ वर उचलता येतो, असे तिथे मांडले आहे. सदस्यत्वाची अट तर एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. १९५८ मध्ये तरुण सदस्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. म्हणजे कागदावर दार उघडे होते. तरीही मीटिंगमध्ये आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला ‘तू प्यायलास त्याहून जास्त तर मी सांडली असेल’ हा थट्टेतला टोमणा आजही ऐकू येतो. चुकीच्या जागी आलो, असे त्याला वाटायला तेवढे पुरते.

निदानाची सरकती रेषा

१९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी दारूवरील अवलंबित्व कमी-अधिक तीव्रतेचे असते, अशी मांडणी केली. त्यानंतर ‘आहे की नाही’ या प्रश्नाची जागा हळूहळू ‘किती आहे’ या प्रश्नाने घेतली. तरी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० पासून दोन वेगळे कप्पे होते, दारूचा गैरवापर आणि अवलंबित्व. १९९४ च्या आवृत्तीनेही ते ठेवले.

या कप्प्यांची अडचण तरुणांमध्येच उघडी पडली. १९९९ मध्ये पोलॉक आणि मार्टिन यांनी किशोरवयीनांवरील अभ्यासात दाखवले की काही मुलांमध्ये अवलंबित्वाची एक-दोन लक्षणे स्पष्ट असतात, पण ती दोन्हींपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत. त्यांनी या मुलांना निदानाच्या दृष्टीने अनाथ म्हटले. त्रास आहे, पण त्याला नाव नाही, असा हा गट होता.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही कप्पे मोडून एकच निदान केले. त्यात ११ निकष आहेत. वर्षभरात त्यांतले दोन-तीन लागू पडले तर विकार सौम्य, चार-पाच पडले तर मध्यम आणि सहा किंवा अधिक पडले तर तीव्र. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, तलफ, कामावर परिणाम, नात्यांत तणाव असूनही पिणे असे हे निकष आहेत. किती क्वार्टर झाल्या किंवा किती वर्षे झाली, याला त्यात जागा नाही. सकाळी हात थरथरणे हीदेखील ११ पैकी एकाच निकषाची गोष्ट आहे. लिव्हरचा रिपोर्ट तर यादीत नाहीच.

या बदलावर आक्षेपही आले. आधीच्या आवृत्तीचे प्रमुख राहिलेले ॲलन फ्रान्सिस यांनी इशारा दिला की कॉलेजात अधूनमधून बेसुमार पिणारी मुले आणि अखेरच्या अवस्थेतले व्यसनी एकाच नावाखाली येतील आणि त्या मुलांवर आयुष्यभराचा शिक्का बसेल. तरुणांवर काम करणाऱ्या संशोधकांचा आक्षेप याहून बारीक आहे. प्यायला नुकतीच सुरुवात केलेल्याची सहनशक्ती काही काळ वाढतेच, ते दर वेळी विकाराचे लक्षण नसते. ‘ठरवल्यापेक्षा जास्त झाली’ याचे कारण कधी ताबा सुटणे असते, तर कधी केवळ मित्रांचा आग्रह. प्रश्नावली हा फरक ओळखत नाही.

प्राथमिक तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी भारतातही वापरली जाते. ४० पैकी ८ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे चौकशी करावी, असा संकेत आहे. तरुण माणूस नोकरी-घर सांभाळूनही या रेषेच्या बराच वर असू शकतो. ‘तुला खरंच प्रॉब्लेम आहे का’ असे विचारणारे मित्र आणि ‘किती प्रमाणात आहे’ असे विचारणारे शास्त्र आज दोन वेगळ्या भाषांत बोलत आहेत.

पहिली भूमिका : जितके लवकर तितके बरे

या बाजूचा मुख्य आधार वयाच्या आकड्यांचा आहे. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून राल्फ हिंगसन यांनी २००६ मध्ये दाखवले, की आयुष्यात कधीतरी दारूवर अवलंबून झालेल्यांपैकी ४७ टक्के लोक वयाच्या २१ वर्षांआधी आणि दोन तृतीयांश लोक २५ वर्षांआधी त्या अवस्थेला पोहोचले होते. त्याच सर्वेक्षणातून २००७ मध्ये अवलंबित्वाचे पाच प्रकार मांडले गेले. त्यांत सर्वांत मोठा गट, जवळजवळ एक तृतीयांश, तरुणांचा निघाला. त्यांचे सरासरी वय २५ च्या आत होते. ते रोज पिणारे नव्हते, पण प्यायला बसले की बेसुमार पीत. त्यांच्यातल्या दहा टक्क्यांनीही कधी मदत मागितली नव्हती. म्हणजे आपल्या मनातला पन्नाशीचा दारुडा हा आकडेवारीतला ठरावीक नमुना नाहीच.

गोव्यातला एक अभ्यास या चित्राला आपल्याकडचा आधार देतो. उत्तर गोव्यातील पुरुषांवरचे हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्या, पिणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे २० टक्क्यांनी किशोरवयात सुरुवात केली होती. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ७४ टक्के झाले. लवकर सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे अवलंबित्वाचा धोका अधिक दिसला. मेंदूतला संयम आणि निर्णयाशी संबंधित भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हाही युक्तिवाद इथे जोडला जातो. या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे, की थांबायची इच्छा ज्या दिवशी झाली तोच योग्य दिवस. तळ गाठण्याची वाट पाहणे म्हणजे नुकसान होऊ देणे.

दुसरी भूमिका : वय वाढले की आपोआप कमी होते

१९६२ मध्ये चार्ल्स विनिक यांनी अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींविषयी असे मांडले, की त्यांतले बरेच जण वयाबरोबर व्यसनातून आपसूक बाहेर पडतात. ही कल्पना पुढे दारूलाही लावली गेली आणि तिला आधारही मिळाला. नोकरी, लग्न, मुले आली की विशीतले बेसुमार पिणे अनेकांत ओसरते. त्याच अमेरिकन सर्वेक्षणात पूर्वी अवलंबून असलेल्यांपैकी चौथा हिस्साच अजून त्या अवस्थेत होता. सुमारे १८ टक्के पूर्ण बंद करून होते आणि जवळपास तेवढेच कमी धोक्याच्या मर्यादेत पीत होते. यांतल्या बहुतेकांनी कधी उपचार घेतले नव्हते. म्हणून या बाजूचे तज्ज्ञ म्हणतात, की प्रत्येक तरुणाला कायमचा रुग्ण ठरवू नका. बऱ्याच जणांना प्रमाण कमी करणे जमते.

या भूमिकेची मर्यादा त्याच लोकांच्या तीन वर्षांनंतरच्या पाहणीतून दिसली. मर्यादेत पिणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत लक्षणे परत आली होती. लक्षणे नसली तरी धोकादायक प्रमाणात पिणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. पूर्ण बंद केलेल्यांत ते सुमारे ७ टक्केच निघाले. मर्यादेत पिता येते का, हा वाद तसा याहून जुना आहे. १९६२ मध्ये लंडनचे डी. एल. डेव्हिस यांनी ९३ पैकी ७ रुग्ण सामान्य पिण्यावर परतल्याची नोंद केली आणि खळबळ उडाली. १९८५ मध्ये एडवर्ड्स यांनी त्याच सात जणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा पाच जणांना मधल्या काळात पुन्हा गंभीर त्रास झाल्याचे आढळले. मात्र यांतले बहुतेक तीव्र व्यसनाचे रुग्ण होते. सौम्य त्रास असलेल्या तरुणाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

आपल्याकडे हीच भूमिका ‘लग्न झाले की सुधारेल’ या रूपात घरोघर सापडते. संशोधनातली गोष्ट सरासरीची आहे, घरातला निर्णय एका मुलाचा आणि एका मुलीचा असतो. तो सुधारला नाही तर किंमत मोजणारी व्यक्ती दुसरीच असते, हे या चर्चेत ठळकपणे मांडले जात नाही.

तिसरी भूमिका : नाव न देता थांबा

गेल्या पंधरा वर्षांत वाढलेली ही बाजू म्हणते, की व्यसनी आहे की नाही हा प्रश्नच सोडून द्या. ब्रिटनमधील ‘ड्राय जानेवारी’ ही महिनाभर न पिण्याची मोहीम २०१३ पासून चालते. ‘सोबर क्युरियस’ ही कल्पना रूबी वॉरिंग्टन यांच्या २०१८ मधील पुस्तकाने लोकप्रिय केली. दारू आपल्याला जमत नाही, आवडत नाही, झोप आणि पैसा जातो, एवढे कारण थांबायला पुरेसे आहे, असे ही मंडळी मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे सांगितले. त्यानेही या भूमिकेला बळ मिळाले.

नावापासून दूर राहणारे कमी नाहीत, हे जॉन केली यांच्या गटाने केलेल्या अमेरिकी पाहणीवरूनही दिसते. दारू किंवा ड्रग्जचा त्रास मागे टाकलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक कोणत्याही औपचारिक मदतीशिवाय बाहेर आले होते, आणि स्वतःला ‘रिकव्हरीत असलेला’ म्हणवणारे निम्म्याहून कमी होते.

यावरचा आक्षेप एएच्या आणि उपचार केंद्रांच्या अनुभवातून येतो. नाव नसले की मनातली पळवाट शाबूत राहते. महिनाभर बंद केले म्हणजे आपण ठीक आहोत, असे वाटून दुसऱ्या महिन्यात पुन्हा सुरुवात होते. ‘मी अल्कोहोलिक आहे’ हे वाक्य अनेकांना बेडीसारखे वाटते, पण अनेकांना त्यानेच मोकळे केले आहे. आता रोज नव्याने वाद घालायचा नाही, हे त्यातून ठरून जाते. एएच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात, सलग पूर्ण बंद ठेवण्याच्या कसोटीवर एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. तरुणांबाबत मात्र गळतीचा प्रश्न राहतो. समवयस्क सोबतीला असले तर सुरुवातीला टिकायला मदत होते, पुढे तो फरक विरत जातो, असे अभ्यास सुचवतात.

शंका का घेतली जाते

शंका घेणारे वाईट हेतूनेच बोलतात, असे नाही. मित्रांच्या शंकेमागे स्वतःचा हिशेब असतो. तुझे प्रमाण जास्त असेल तर माझे काय, हा प्रश्न कुणालाच नको असतो. ब्रिटनमधील जेम्स मॉरिस यांच्या संशोधनातून हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने दिसते. बरेच पिणारे लोक स्वतःला ठीक ठरवण्यासाठी टोकाच्या दारुड्याकडे बोट दाखवतात. दारूचा त्रास ‘आहे किंवा नाही’ असा नसून चढत्या श्रेणीचा आहे, असे सांगितले की स्वतःचा त्रास ओळखण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण सामूहिक गैरसमजाचे. १९९३ मध्ये प्रेंटिस आणि मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात दाखवले, की बहुतेक विद्यार्थी कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल स्वतः अस्वस्थ असतात, पण बाकीचे निर्धास्त आहेत असे समजतात. ‘बसू या’ म्हणणाऱ्या कंपूतले निम्मे लोक मनातून कंटाळलेले असू शकतात. पण ते एकमेकांना कळत नाही.

तिसरे कारण खास आपल्याकडचे. गटारी जोरात साजरी करून श्रावण कडक पाळणारा माणूस घरोघरी असतो. ‘श्रावणात थेंबही घेत नाही, मग व्यसन कसले?’ हा पुरावा मित्र, वडील आणि पिणारा स्वतः, सगळेच वापरतात. नेमलेल्या मुदतीत थांबता येणे आणि सुरू केल्यावर प्रमाण राखता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. ११ निकषांतला ‘ठरवल्यापेक्षा जास्त पिणे’ हा निकष दुसऱ्या क्षमतेबद्दल बोलतो. श्रावणाचा दाखला बहुधा पहिल्या क्षमतेपुरताच असतो.

याच संस्कृतीत न विचारता थांबण्याची वाटही आहे. माळ घातलेल्या वारकऱ्याला ‘तुला खरंच प्रॉब्लेम होता का’ असे कुणी विचारत नाही. गाडी चालवायची आहे, औषध चालू आहे, व्रत आहे, ही कारणेही सहज चालतात. ‘मला ती झेपत नाही’ हे खरे कारण मात्र चालत नाही. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. बैठकीत मात्र न पिणाऱ्यालाच परवाना मागितला जातो.

मुलींच्या बाबतीत शंकेचे रूप बदलते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि स्त्रियांपैकी १.६ टक्के दारू पिणाऱ्या आढळल्या. त्यामुळे पिणारी मुलगी घरात धक्कादायक ठरते ती पिण्यामुळेच. तिला त्रास किती आहे, हा प्रश्न पुढे सरकतच नाही. मित्रमंडळीत उलट प्रकार होतो. तिथे पिणे हे मोकळेपणाचे चिन्ह असते आणि थांबणे म्हणजे मागे जाणे. दोन्हीकडे तिच्या अडचणीचे ऐकणारा कुणी नाही.

उपलब्ध वाटा

‘एम्स’च्या त्याच सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसते. तीव्र रुग्णांचीच ही स्थिती असेल, तर सौम्य त्रासाचा तरुण रांगेत कुठे उभा असेल, याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाला तरुणांच्या व्यसनानेच चालना दिली, हे विसरले जाते. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने, म्हणजे ‘गर्द’ने, पुण्या-मुंबईतली मुले गिळायला सुरुवात केली. अनिल अवचटांनी ‘गर्द’वर लिहिले आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांच्यासह पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. गर्दच्या बाबतीत वीस वर्षांच्या मुलाला ‘तू कुठे एवढा ओढतोस’ असे कुणी म्हटले नाही. पहिल्या पुडीलाच घर हादरायचे. दारूला मात्र वर्षानुवर्षे सूट मिळते. वय तेच असले, तरी पदार्थ बदलला की घराची भीती बदलते. पुढे मुक्तांगणात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही सुरू झाला.

भरती होऊन उपचार घेण्याची गरज नसलेल्यांसाठी गोव्यातला प्रयोग महत्त्वाचा आहे. ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘ऑडिट’चे १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना समुपदेशन दिले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते, आणि बैठका चारपर्यंत मर्यादित होत्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षानंतर हेच आकडे सुमारे ५४ आणि ३२ टक्के झाले. ‘तेवढा नाही’ म्हणून ज्यांना परत पाठवले जाते, नेमक्या त्या मधल्या गटाला थोड्या बोलण्यानेही फायदा होतो, हे यातून सिद्ध झाले. या प्रयोगात स्त्रिया नव्हत्या.

अमेरिकेत विद्यापीठांनीच यासाठी जागा केली. ब्राउन विद्यापीठात १९७७ मध्ये, रटगर्समध्ये १९८३ मध्ये आणि टेक्सास टेकमध्ये १९८६ मध्ये सोबर विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. रटगर्सने पुढे त्यांच्यासाठी वेगळे वसतिगृहही काढले. आपल्या विद्यापीठांत अशी रचना रुजलेली नाही. सध्या इथल्या तरुणापुढे एएच्या मीटिंगा, सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी, खासगी समुपदेशक आणि १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन एवढ्या वाटा आहेत. रोज आणि भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरत असतील किंवा घाम फुटत असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. अचानक थांबल्याने फिट येऊ शकते आणि जिवाला धोका संभवतो. वय कमी आहे म्हणून हा धोका टळत नाही.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा अंदाजाचा. आज सौम्य त्रास असलेल्या शंभर तरुणांपैकी कुणाचे पिणे आपोआप ओसरेल आणि कुणाचे वाढत जाईल, हे आधी ओळखण्याचे खात्रीचे साधन नाही. घराण्यातले व्यसन, पंधराव्या वर्षाआधीची सुरुवात, नैराश्य हे धोके वाढवतात, पण व्यक्तीचे भविष्य सांगत नाहीत. पहिल्या दोन्ही भूमिका सरासरीने बरोबर असूनही एका माणसापुढे अपुऱ्या पडतात, त्या यामुळेच.

दुसरा मुद्दा मुदतीचा. पंचविशीत थांबलेल्याने आयुष्यभर थांबावे का? तीव्र व्यसनात उत्तर बहुधा ‘हो’ असे येते. सौम्य त्रासात तज्ज्ञांत एकमत नाही.

तिसरा मुद्दा ओळखीचा. निदानाचे नाव लवकर मिळाल्याने मदतीचे दार उघडते की शरमेचे ओझे वाढते? दोन्ही घडताना दिसते. कोणासाठी काय घडेल हे वयावर, घरावर आणि ते नाव कोण कसे सांगतो यावर ठरते. भारतात लग्नाचा बाजार आणि नोकरीतील गुप्तता हे दोन घटक या प्रश्नाला वेगळे वळण देतात, पण त्यांचा स्वतंत्र अभ्यास फारसा झालेला नाही.

चौथा मुद्दा माहितीतल्या पोकळीचा. आपली आकडेवारी पिणाऱ्यांची आणि उपचार घेणाऱ्यांची असते. उपचारांपर्यंत न जाता तरुणपणीच थांबलेल्या मराठी मुला-मुलींचे पुढे काय झाले, हे सांगणारा दीर्घकालीन अभ्यास हाताशी नाही. जेलिनेकच्या प्रश्नावलीतून जे लोक सुटले होते, ते आपल्याकडेही सुटलेलेच आहेत.

समारोप

तिन्ही भूमिका नीट वाचल्या, तर त्यांतला वाद दिसतो तेवढा थेट नाही, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. त्रास किती तीव्र आहे, हा वैद्यकीय प्रश्न आहे. डिटॉक्स लागेल का, भरती व्हावे का, मर्यादेत पिणे सुरक्षित आहे का, हे ठरवायला त्याचे उत्तर हवेच, आणि तिथे शंका घेणे डॉक्टरांचे कामच आहे. थांबावे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला निदानाची पूर्वअट लावणारी एकही भूमिका या आढाव्यात सापडली नाही. लवकर थांबा म्हणणारे तशी अट लावत नाहीत, वयावर भरवसा ठेवणारे लावत नाहीत, नाव नाकारणारे लावत नाहीत आणि एएचा नियमही लावत नाही. ती अट लावतो तो फक्त भोवतालचा समाज.

त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की थांबलेल्या तरुणाला समोरच्याला पटवण्याची गरज नाही आणि समोरच्याला त्याचे निदान करण्याची गरज नाही. डॉक्टरांनी लिव्हरच्या रिपोर्टबरोबर ‘ऑडिट’चे दहा प्रश्न विचारले, तर बरीचशी शंका तिथेच निवळेल. ‘सोडावीशी का वाटली?’ हा प्रश्न आईवडिलांना आणि मित्रांनाही विचारता येतो, आणि ‘तू कुठे एवढा पितोस?’ या प्रश्नाने कधी मिळाली नसती एवढी माहिती त्यातून मिळते.